बोअरचा पॉईंट देणाऱ्यानं ‘थांबा’ कधी म्हणायचं?

निलंगा_मशीनवाला · १४ मे, रात्री ११.५०

नमस्कार मंडळी. इथं कृषी सल्लागार, इंजिनिअर, कर सल्लागार असे बरेच जण आहेत, म्हणून हा विषय टाकतोय. जरा लांब आहे, पण अर्धं सांगून उपयोग नाही.

मी निलंगा तालुक्यातला. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्रात एम.एस्सी. केलं, दोन वर्षं नोकरी शोधली, मग कर्ज काढून रेझिस्टिव्हिटी मीटर (जमिनीत वीज सोडून खालचा थर तिला किती अडवतो ते मोजणारं मशीन) घेतलं आणि पाणी बघायला लागलो. हा चौथा उन्हाळा. चार सळया, वायरची रिळं, हातोडा, बॅटरी आणि मोटारसायकल, एवढाच पसारा. हातावर नारळ ठेवून पाण्याची जागा सांगणाऱ्या पाणाड्यापासून वेगळं ओळखायला लोक मला ‘मशीनवाले सर’ म्हणतात. एका रानाचे अडीच हजार घेतो.

मागच्या महिन्यात कासारशिरशीकडच्या एका शेतकऱ्याला पॉईंट दिला, म्हणजे बोअर कुठं मारायचा ती जागा दाखवली. तीन एकर रान, सोयाबीन आणि तूर, खालच्या अंगाला ओढा. आकडे बरे आले होते. मी सांगितलं, दीडशे ते एकशे ऐंशी फुटांत दोन थरांचा सांधा दिसतोय, लागलं तर तिथंच लागेल. त्याखाली पाषाण आहे, १९० ला थांबा. हे सगळं तोंडी. त्यांनी मान हलवली, चहा झाला, मी निघालो.

बोअर मारायची गाडी संध्याकाळी लागली. मी तेव्हा दुसऱ्या गावात मुक्कामी होतो. रात्री सव्वादोनला फोन आला. मागं कॉम्प्रेसरचा आवाज इतका की निम्मं ऐकूच येईना. “सर, तीनशेच्या खाली गेलाव. नुसता फुफाटा निघायलाय. एजंट म्हणायलाय पाचशेला हमखास लागतंय. काय करू?”

मला उत्तर माहीत होतं. थांबा म्हणायचं होतं. पण मनात आलं, मी थांबवलं आणि उद्या शेजारच्या रानात साडेचारशेला पाणी लागलं तर? माझं नाव जाईल, पुढचा उन्हाळा रिकामा जाईल. मी म्हणालो, “तुम्ही बघा, रान तुमचं आहे.” आणि फोन ठेवला.

गाडी ६२० फुटांवर थांबली. पैसे संपले म्हणून थांबली. ओलसुद्धा लागली नाही. केसिंग (बोअरच्या वरच्या भागात घालायचा पाइप) धरून पाऊण लाखाच्या वर खर्च झाला. त्यात सोयाबीनचे राखून ठेवलेले पैसे होते आणि विकलेली एक दुभती म्हैस होती. म्हशीचं मला नंतर त्यांच्या भावाकडून कळलं. त्यांनी स्वतः मला एका शब्दानं दुखवलं नाही. एवढंच म्हणाले, “तुमचं काय सर, आमच्या नशिबातच नाही.” त्यांच्या नशिबाचा यात काहीही संबंध नव्हता. खाली पाषाण आहे हे मला ठाऊक होतं.

दोन दिवसांनी गाडीचा एजंट घरी आला. मी काही ठरवलेलं नसताना पाकीट ठेवून गेला. फुटाला दहा रुपये, ६,२०० रुपये. म्हणाला, तुमचा पॉईंट आमच्या गाडीला आला की हे असं चालूच राहील. माझी फी अडीच हजार, आणि बोअर जितका खोल आणि जितका कोरडा तितके हे पैसे जास्त. ते पाकीट चार दिवस माझ्या कपाटात होतं. पाचव्या दिवशी परत देऊन आलो. पण चार दिवस ते कपाटात होतं, हेही इथं लिहायला पाहिजे.

दुसरी गोष्ट चालूच आहे. एका तात्यांचं पाच एकर रान बघितलं. आख्ख्या रानात चांगला आकडा एकाच ठिकाणी आला, बांधाला लागून. बांधापलीकडं तीस फुटांवर त्यांच्या चुलत भावाची विहीर आहे, बेचाळीस फूट खोल, त्यावर एक एकर ऊस आणि घरची भाजी. दोन घरांचं बोलणं बंद. तात्यांनी विचारलं, “इथं मारला तर त्याच्या विहिरीला काय होईल?” मी विषय टाळला. अजून पॉईंट दिलेला नाही. फी मात्र घेतलेली आहे.

आणि रोजचा प्रश्न तर आहेच: “सर, गॅरंटी देता का?” शेजारच्या तालुक्यात एक जण ‘पाणी नाही तर फी परत’ असं सांगतो आणि त्याच्याकडं रांग आहे.

तुम्ही लोक गिऱ्हाइकाशी वागताना कुठं थांबता? कुणाचं ऐकता, काय लिहून देता, कुठले पैसे घेत नाही? मला नियम नकोत. तुम्ही खरंच काय करता ते सांगा.

मोसंबी_अंबड · १५ मे, सकाळी ६.२०

जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागांना सल्ला देतो, अकरा वर्षं झाली. पाण्यातलं मला कळत नाही, पाकिटातलं कळतं.

सुरुवातीला मी एका कृषी सेवा केंद्राच्या ओळखीनं बागा बघायचो. बाग बघायचे पैसे शेतकऱ्याकडून नाहीत, दुकानदाराकडून महिन्याला. वर्षभरानं माझ्याच चिठ्ठ्या काढून बघितल्या. डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) पडलेल्या बागेला मी तीन-तीन औषधं लिहिली होती. खोडाला बोर्डो पेस्ट लावायची तर मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो आणि पाणी दहा लिटर, शेतकरी घरी कालवतो. ती मी फार थोड्या चिठ्ठ्यांवर लिहिली होती. कुणी मला दटावलं नव्हतं की ही लिहू नको. हात आपोआप तिकडं जात नव्हता. त्या दिवसापासून पैसे बागवाल्याकडूनच घेतो आणि चिठ्ठीवर कंपनीचं नाव लिहीत नाही. घटक लिहितो, प्रमाण लिहितो. दुकान त्यानं निवडायचं.

पहिल्या वर्षी निम्मी गिऱ्हाइकं गेली. “फुकट बघत होतास, आता पैसे?” असं म्हणून गेली. राहिली ती अजून आहेत.

तुमचं पाकीट चार दिवस राहिलं, त्याचा फार घोर लावून घेऊ नका. माझं वर्षभर होतं.

पॉईंट_लातूर · १५ मे, दुपारी १.०५

मी हेच काम करतो आणि कमिशन घेतो. लपवत नाही. आपला धंदा फेब्रुवारी ते मे, चार महिन्यांचा. पाऊस पडला की कुणी ओळख देत नाही. मशीनचा हप्ता बारा महिने आहे. अडीच हजारात पेट्रोल, एक मदतनीस आणि दिवसभराचं ऊन जातं. कमिशन सोडायचं असेल तर फी वाढवावी लागेल, आणि फी वाढवली की माणूस नारळवाल्याकडं जातो, तो पाचशे रुपयांत सांगतो. हे गणित आधी सोडवा, मग बाकीचं. निलंग्याचे सर, मी तुम्हाला चुकीचं म्हणत नाही. रात्रीच्या फोनला मी पण खूपदा तेच उत्तर दिलेलं आहे.

तेरणाकाठ · १५ मे, रात्री ९.३०

निलंगेकर, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी धाराशिवचा. भूजलाच्या कामात तीस वर्षं नोकरी केली, निवृत्तीनंतर लोकांची रानं बघतो. लांब लिहिणार आहे, कारण तुमच्या वयात मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आधी त्या फोनबद्दल. रात्री दोन वाजता गाडीजवळ उभा असलेला शेतकरी निर्णय घेण्याच्या स्थितीत नसतो. तीनशे फुटांचे पैसे जमिनीत गेलेले असतात, बायकापोरं बांधावर बसलेली असतात, आणि दर पाइपामागं वाटत असतं की पुढच्याला लागेल. गाडीचा दर खाली जाईल तसा वाढत जातो आणि आशाही तशीच वाढते. म्हणून थांबायचं फूट मी दिवसाउजेडी, गाडी ठरायच्या आधी, कागदावर लिहितो. ‘अमुक फुटाला पाणी नसेल तर थांबावे. त्याखाली माझ्या मते पाणी नाही.’ खाली माझी सही, शेजारी त्यांची. माझ्या बचावासाठी ही सही नाही. त्या माणसाला रात्री एजंटासमोर दाखवायला एक कागद असावा म्हणून आहे. एजंटाला ‘नको’ म्हणणं त्याला जड जातं, कागद पुढं करणं सोपं जातं. शक्यतो गाडीच्या दिवशी मी स्वतः जातो. न जमल्यास फोन उशाशी ठेवतो, आणि उत्तर एकच, जे कागदावर आहे ते.

दोनशे फुटांच्या खाली जायचं का, यावर गिऱ्हाइकाशी मन मोकळं करून बोला. आपल्याकडं लाव्हाच्या थरांवर थर आहेत. पाणी असतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात, भेगांत, भोकाभोकाच्या मांजऱ्या खडकात आणि दोन थरांच्या सांध्यात. खाली जाल तसा वरचा भार वाढतो, भेगा आवळत जातात. खाली कधीच लागत नाही असं नाही, लागतं, पण ते बहुधा जुनं साठलेलं असतं आणि दोन उन्हाळ्यांत उपसून जातं. किल्लारीला भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी ६१७ मीटरचं छिद्र घेतलं. त्यात काळा खडक ३३८ मीटरला, म्हणजे अकराशे फुटांच्या आसपास, संपला आणि खाली जुना ग्रॅनाइटी खडक लागला. ‘खाली समुद्र आहे’ असं सांगणाऱ्या एजंटाला हे सांगून काही होत नाही, पण शेतकऱ्याला सांगितलं की तो ऐकतो. किल्लारी त्याची आहे, ३० सप्टेंबर १९९३ त्याला माहीत आहे. शिवाय २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात बोअरच्या खोलीला ६० मीटरची, म्हणजे साधारण दोनशे फुटांची रेघ आहे. ती पाळत नाहीत हे तुम्हाआम्हाला दिसतं. तरी आपल्या सहीच्या कागदावर त्याखालचा आकडा लिहायचा नाही, एवढं आपल्या हातात आहे.

आता पैशांचं. लातूरकरांनी प्रामाणिकपणे लिहिलं, त्यांचा हप्ता खोटा नाही. पण कमिशन घेतलं की आपल्या तोंडून एक वाक्य निघेनासं होतं: ‘इथं मारू नका.’ माझ्याकडं माणूस येतो तो खरं तर हे वाक्य ऐकायला येतो, त्याला स्वतःला ते ठाऊक नसलं तरी. मागच्या उन्हाळ्यात मी एकोणतीस रानं बघितली. अकरा ठिकाणी मारू नका म्हणालो. त्या अकरा जणांकडून पूर्ण फी घेतली. पहिल्यांदा फार संकोच वाटला होता, पाणीही दिलं नाही आणि पैसेही घेतले. मग समजून सांगायला लागलो की हे तीन हजार तुम्ही सत्तर हजार वाचवायला दिलेत. काहींना पटतं. दोघं जण भांडून गेले. ‘हो’ आणि ‘नाही’ची फी एकच ठेवायची, हे मी कुणासाठीही मोडत नाही. ‘पाणी नाही तर फी परत’ म्हणणाऱ्याला मात्र प्रत्येक रानात बोअर मारायलाच लावावं लागतं. दहा पॉईंट दिले, पाच लागले, पाच जणांची फी परत केली की त्याचा हिशेब जुळला. ज्या पाच जणांचे कोरडे गेले त्यांना फी परत मिळाली, बाकीचे सत्तर हजार कोण देणार?

फी वाढवा, लातूरकर. आणि पावसाळ्यात काम शोधा. बोअर पुनर्भरण, जुन्या विहिरींचं मोजमाप, ओढ्याचं पाणी गाळून विहिरीत घेणं, हे सगळं तुमच्या-माझ्या शिक्षणातलं आहे. एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर चार लाख लिटर पाणी होतं. त्याचा हिशेब शेतकऱ्याला रानात उभं राहून मांडून दाखवा, तो थक्क होतो.

आपल्याला काय माहीत नाही, तेही सांगावं. मीटरवर आकडा उतरला म्हणजे पाणीच, असं आपण बेधडक बोलतो. दोन थरांमधली लाल गेरूची माती असली तरी आकडा उतरतो. काळ्या जमिनीचा आकडा तर कमीच येतो. १९८८ च्या सुमाराला मी अशाच एका उतरलेल्या आकड्यावर खात्रीनं पॉईंट दिला आणि गाडीतून लाल चिखल आला. त्या म्हाताऱ्या बाईंनी तो चिखल हातात घेऊन मला दाखवला होता. तेव्हापासून आलेख गिऱ्हाइकासमोर, तिथंच बांधावर बसून काढतो आणि म्हणतो, इथं पाणी असेल किंवा लाल माती असेल, मशीनला फरक कळत नाही. शेजारच्या विहिरीत गेरूचा पट्टा किती फुटावर आहे ते दोघं मिळून बघायला जातो.

पाणी लागल्यावरही बोला. गाडीवाला ‘दोन इंची लागलं’ म्हणून हार घालून घेतो. पाणी मोजायच्या खाचेच्या पट्टीवर, म्हणजे काटकोनी व्ही नॉचवर, पाण्याची उंची एक इंच म्हणजे तासाला साधारण पाचशे लिटर आणि दोन इंच म्हणजे तासाला एकोणतीसशेच्या आसपास. दुप्पट नाही, साडेपाच पट. हे माहीत नसलं की माणूस एक इंचावर दोन एकर ऊस लावून बसतो. आणि गाडीच्या हवेच्या जोरावर उडालेलं पाणी मोटार लावल्यावर तेवढं टिकत नाही, हे मी मोटार घ्यायच्या आधी सांगतो. मोटारीच्या दुकानदाराला ते आवडत नाही.

तात्यांचा बांध. हे सगळ्यात अवघड आहे आणि माझ्याकडं त्याचं सोपं उत्तर नाही. १९९३ च्या भूजल कायद्यानं गावच्या पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरचं अंतर घातलं होतं. दोन भावांच्या बांधावर मात्र पट्टी घेऊन कुणी येत नाही. तुमचं गिऱ्हाईक तात्या आहेत, चुलत भाऊ नाही, हे खरं. पण तात्यांनी तुम्हाला सरळ प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर ही तुमची फी आहे. एकाच मुरमात, तीस फुटांवर बोअर उपसला तर विहिरीची पातळी उतरणार. हे त्यांना स्पष्ट सांगा. आणि हेही सांगा की पावसाळ्यात ती विहीर भरली की तुमच्या बोअरला तिचा आधार, आणि उन्हाळ्यात तुमचा बोअर चालला की तिचा घात. परंड्याकडं एकदा असंच झालं होतं. मी पॉईंट दिला नाही. म्हणालो, दोघं एकत्र बसणार असाल तर मी फुकट येतो. आठ महिन्यांनी बोलावलं. दोघांनी मिळून ती विहीरच वीस फूट खाली नेली, पाणी दिवसाआड वाटून घेतात. प्रत्येक वेळी असं होत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी त्यांनी दुसरा माणूस आणून बांधावरच मारला, विहीर आटली, प्रकरण कोर्टात आहे. मला साक्षीला बोलावलं तेव्हा गेलो, पण माझ्या गिऱ्हाइकानं मला काय सांगितलं होतं ते सांगितलं नाही. खडकाचं विचारलं, खडकाचं सांगितलं.

हेही लक्षात ठेवा, एकाच्या रानातले फूट दुसऱ्याच्या ओट्यावर सांगायचे नाहीत. लोक चहा पाजून काढून घेतात. मी आधी परवानगी मागतो. बहुतेक जण देतात.

नारळवाल्याला नावं ठेवू नका. आमच्याकडच्या एका पाणाड्यानं मला साठ वर्षांच्या विहिरी तोंडपाठ सांगितल्या, कुठली कधी आटली, कुठलीला बहात्तरच्या दुष्काळातही पाणी होतं. नारळाचं मी मानत नाही आणि ते त्यांना सांगितलेलं आहे. पण त्यांच्या आठवणीला माझ्या वहीत मोठी जागा आहे.

शेवटी २०१६ चा उन्हाळा. १२ एप्रिलला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, पाच लाख लिटर घेऊन. त्या दोन महिन्यांत मला दिवसाला सहा-सहा फोन यायचे. गाड्या रात्रंदिवस चालू. मी त्या काळात आयुष्यात कमावले नाहीत तेवढे पैसे कमावू शकलो असतो. मे महिना मशीन बंद ठेवलं, कारण जमिनीत नव्हतंच, आणि नसताना जागा दाखवणं माझ्या हातून होईना. बायकोनं विचारलं, घर कसं चालवायचं? पेन्शन होतं म्हणून चाललं. तुम्हाला पेन्शन नाही. म्हणून मी तुम्हाला मशीन बंद ठेवा असं सांगणार नाही.

रेणापूरचा_शेतकरी · १६ मे, सकाळी ७.४५

मी सल्लागार नाही, सल्ला घेणारा हाय. पोरगं टाइप करायलंय, मी सांगायलोय.

आमच्या सात एकरात चार बोअर हायत. तीन कोरडे, एक पावसाळ्यात चालतो. पाचवा मारायचा म्हणून मशीनवाल्या एका सरला आणलं. पोरगं म्हणावं असं वय. दोन दिवस रान फिरला, खडा खडा बघितला आन म्हनला, आबा, मारू नका. मला राग आला. पैसे दिले पर जेव म्हनलं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतंय, आमच्या दारातून माणूस बिगर जेवता गेला.

मग दुसऱ्याला आणलं. त्यानं अर्ध्या तासात जागा दावली. सातशे फूट. कोरडा.

आठ दिवस मी घरातच बसलो. मग त्या पहिल्या पोराला फोन केला. वाटलं, म्हणंल सांगितलं हुतं की. तसं काय बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आला, म्हनला, आबा, तुमच्या वडलांची विहीर दावा. ती आम्ही कचरा टाकायला वापरत हुतो. तेनं दोर सोडून मोजली, गाळ किती हाय ते सांगितलं. गाळ काढला, साठ-सत्तर ट्राल्या निघाल्या. नाल्याचं पाणी खड्ड्यात वाळू-खडी भरून तेच्यातून विहिरीत सोडलं. हरभऱ्याला तीन पाणी झाले औंदा. उन्हाळ्यात नाही पुरत, पर जनावराचं भागतंय.

तुमच्या त्या शेतकऱ्याला तुम्ही जाऊन भेटा सर. फोन करू नका, जावा. तेनं बोलला नाही म्हणजे तेच्या मनात नाही असं नसतंय. आन आमाला गॅरंटी मागायची सवय तुमीच लोकांनी लावली हाय. गाडी चालू असताना शेजारी शिकलेलं माणूस उभं असलं की आमाला दम येतोय, तेवढंच पायजे असतंय.

निलंगा_मशीनवाला · ४ जून, रात्री १०.१५

उशिरा लिहितोय, माफ करा. सगळ्यांचं वाचलं. तेरणाकाठ काका, तुमचं तर छापून घेतलंय.

आबांनी सांगितलं तसं कासारशिरशीला गेलो. फोन न करता. ते गोठ्यात होते, गोठ्यात आता एकच गाय. मी सांगितलं की त्या रात्री मला माहीत होतं, मी थांबा म्हणायला पाहिजे होतं, मी घाबरलो. पाकिटाचंही सांगितलं. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी तुमच्या एका शब्दासाठीच फोन केलता.” त्यांच्या मंडळी आतून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आता आलाव तर खालच्या ओढ्याकडंच्या जुन्या आडाचं काय होतंय का बघा. माझ्या अडीच हजारातून मी काहीच परत द्यायला नेलं नव्हतं, ते तेव्हा लक्षात आलं. दिले असते तर त्यांनी घेतले नसते, पण न्यायला पाहिजे होते. आड बघितला. पंचवीस फूट, बांधीव, तळाला ओल आहे. पावसाआधी गाळ काढायचा ठरलंय, मोजमापाला मी जाणार आहे. त्याचे पैसे घेणार नाही. हे मी दर गिऱ्हाइकाला करू शकणार नाही, हेही मला कळतं. इथं करणार.

तात्यांना जाऊन सांगितलं की तुमचा बोअर चालला की भावाची विहीर उतरणार. ते म्हणाले, मला तेच ऐकायचं होतं. मला वाटलं आता विषय मिटला. तर म्हणाले, “मग द्या पॉईंट.” मी दिला नाही. फी परत दिली, कारण मी आधीच सांगितलं असतं तर ते दुसरीकडं गेले असते. दुसऱ्यानं अजून दिलाय का माहीत नाही. काका, तुमच्यासारखं दोघांना एकत्र बसवायचं मी बोलून बघितलं, त्यांनी काठी आपटली.

लातूरकर सर, तुमचा हप्त्याचा मुद्दा सुटलेला नाही. फी साडेतीन हजार केली. तेव्हापासून रानं कमी आली, नऊ. मागच्या वर्षी याच दिवसांत एकवीस होती. मीटरचा हप्ता या वेळी वडिलांनी भरला. ते काही बोलले नाहीत, पण मला दिसतंय. जुलैपासून विहिरींच्या मोजमापाचं काम मिळतंय का ते बघायला दोन ग्रामपंचायतींत जाऊन आलोय. तुम्हाला जमत असेल तर आपण दोघं मिळून करू, तुमच्याकडं मदतनीस आहे, माझ्याकडं नाही.

चिठ्ठीचं पुस्तक छापलं. वर रानाचा नकाशा काढायला चौकट, खाली ‘थांबायचं फूट’, त्याखाली दोन सह्या. आलेख बांधावर बसून काढतो. पहिल्यांदा काढताना हात थरथरला, चार माणसं वाकून बघत होती. त्यातल्या एका आजोबांनी विचारलं, ही रेघ खाली आली म्हणजे पाणी का? मी म्हणालो, पाणी किंवा लाल माती. ते उठून काठी टेकत त्यांच्या विहिरीकडं निघाले, म्हणाले, चल दाखवतो, गेरू आमच्यात पस्तीस फुटाला हाय.

त्यांच्याच रानातून लिहितोय. गाडी साडेआठला लागली. एजंट दोनदा येऊन गेला, म्हणाला सर तुम्ही कशाला थांबताय, जाऊन झोपा. आजोबा खाटेवर बसलेत, चिठ्ठी त्यांच्या बंडीच्या खिशात आहे. चिठ्ठीवर १८५ लिहिलंय. आत्ता १४० झाले, मुरूम संपला, करडा चुरा येतोय, थोडा दमट वाटतोय पण अजून पाणी नाही.

नंतर लिहितो, बॅटरी कमी आहे आणि फोन चालू ठेवायचाय.